स्कूल स्पिरिट मोजायचं कुणाचं? – मार्चिंग बँडवरचा एक पेपर वाचताना

"पेपर क्रिटिकली वाचा" हे वाक्य मी एम.एस्सी.ला असल्यापासून ऐकते आहे. म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी शेजारी बसवून दाखवलं नाही. पेट देऊन बसलेल्या, सिनॉप्सिस लिहायला घेतलेल्या बऱ्याच जणांची हीच रड असते. म्हणून आज एकच पेपर घेऊ आणि त्याच्याशी नीट भांडू. पेपर माझ्या विषयातला नाही, आपल्या शास्त्र शाखेतलाही नाही. अमेरिकेतल्या हायस्कूलमधले बँड आणि चीअरलीडर यांच्याशी त्याचा संबंध आहे. तिथपर्यंत मी कशी पोचले ते आधी सांगते.

माझी मावसबहीण टेक्ससमध्ये डॅलसजवळ राहते. तिची मुलगी हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. आपल्याकडे बँड म्हटलं की पंधरा ऑगस्टचं संचलन किंवा लग्नाची वरात डोळ्यांसमोर येते. तिथलं प्रकरण वेगळं आहे. शुक्रवारी रात्री अमेरिकन फुटबॉलची मॅच असते. मध्यंतरात शंभर-दोनशे मुलं वाद्यं घेऊन मैदानात उतरतात आणि वाजवता वाजवता रांगा, वर्तुळं, तिरके पट्टे अशा आकृत्या करत फिरतात. मैदानावर दर पाच यार्डांवर रेघ असते आणि दोन रेघांमध्ये बरोब्बर आठ पावलं टाकायची. म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं, मुलगा सहा फुटी असो की माझ्या भाचीसारखा पाच फुटी. त्यासाठी ऑगस्टच्या उन्हात, शाळा सुरू व्हायच्या आधीपासून डांबरी पार्किंगमध्ये सराव चालतो. बाजूला चीअरलीडर. (आयपीएलमधल्या नाचणाऱ्या मुली डोक्यातून काढून टाका. इथे उंच फेकणं, झेलणं, मनोरे रचणं असतं आणि त्यात पडून जबर दुखापतीही होतात.)

तर ताईच्या मुलीच्या शाळेत बँडच्या पालकमंडळाने निधी गोळा करायला एक पत्रक काढलं. त्यात ठळक अक्षरांत होतं की बँड आणि चीअरलीडिंग स्कूल स्पिरिट वाढवतात, आणि हे "संशोधनाने सिद्ध झालं आहे". संदर्भ काहीच नाही. ताईने फोटो पाठवून विचारलं, "तू पीएच.डी. करतेस ना? मग सांग, खरंय का हे?"

मी पीएच.डी. करते ती रातकिड्यांवर. नर रातकिडे एकमेकांच्या आवाजाशी आपला आवाज कसा जुळवतात, हा माझा विषय. पण 'जुळवून घेणं' हा शब्द दोन्हीकडे आहे म्हणून म्हटलं, बघू तरी.

'स्कूल स्पिरिट' म्हणजे काय, हे आधी पक्कं करायला हवं. मराठीत त्याला एक शब्द नाही. शाळेचा अभिमान, ही शाळा माझी आहे असं वाटणं, आणि तो अभिमान चारचौघांत जोरात दाखवणं, हे तिन्ही त्यात येतं. आणि शब्द शाळेबद्दल आहे, हे लक्षात ठेवा. 'स्टुडंट स्पिरिट' असं कुणी म्हणत नाही. पुढचं सगळं भांडण इथूनच निघणार आहे.

शोधताना एका पेपरचं नाव पुन्हा पुन्हा समोर आलं. जॅकलिन एकल्स आणि बॉनी बार्बर यांचा, १९९९ साली 'जर्नल ऑफ अॅडोलेसंट रिसर्च'मध्ये आलेला. नावातच मार्चिंग बँड आहे. विद्यार्थी परिषद, स्वयंसेवा, बास्केटबॉल की मार्चिंग बँड, कुठल्या प्रकारच्या सहभागाने फरक पडतो, असा त्या मथळ्याचा प्रश्न. मिशिगन राज्यातली १,२५९ मुलं, बहुतेक गोरी, मुलगे आणि मुली साधारण सारखे. हीच मुलं सहावीत असल्यापासून, म्हणजे १९८३ पासून, संशोधकांच्या नजरेखाली होती. दहावीत ती काय काय करत होती ते विचारलं आणि पुढे त्यांचे गुण, शाळा आवडणं, कॉलेजला जाणं, दारू पिणं वगैरे तपासलं. निष्कर्षातला सगळ्यात गाजलेला भाग असा की सांघिक खेळ खेळणारी मुलं अभ्यासात पुढे जातात, पण दारूही जास्त पितात.

पेपर चांगला आहे, हे आधी सांगते. टीका करायची म्हणून पेपर वाईटच असायला लागतो असं नाही. वर्षानुवर्षं त्याच मुलांचा माग काढणं हे कष्टाचं, पैशाचं आणि चिकाटीचं काम आहे. शिवाय यात एक गमतीदार आणि हुशार गोष्ट केली आहे. १९८५ साली 'द ब्रेकफस्ट क्लब' नावाचा सिनेमा आला होता. त्यात शाळेतली पाच ठरावीक पात्रं होती: खेळाडू, हुशार, राजकन्या, विक्षिप्त आणि गुन्हेगार. संशोधकांनी मुलांना विचारलं की यातलं तुमच्यासारखं कोण? मुलं स्वतःला काय समजतात ते पन्नास प्रश्नांच्या प्रश्नावलीपेक्षा या एका प्रश्नाने बहुधा जास्त खरं सांगितलं असेल. आपल्याकडे कुणी असं करायचं ठरवलं तर कुठला सिनेमा घ्यावा, यावर मी अर्धा तास घालवला. तो मुद्दा नंतर कधीतरी.

आता भांडण. पेपर हातात आला की मी मथळ्यावरून थेट मेथड्सवर उडी मारते आणि एकच बघते: मथळ्यातला शब्द आकड्यात कसा उतरवला आहे? इथे मार्चिंग बँड हा वेगळा चल म्हणून नाहीच. मुलांच्या उद्योगांचे पाच गट केले आहेत. बँड, नाटक आणि नृत्य यांचा मिळून एक 'परफॉर्मिंग आर्ट्स' गट. चीअरलीडिंग, पेप क्लब आणि विद्यार्थी परिषद यांचा मिळून 'स्कूल इन्व्हॉल्व्हमेंट' गट. पेप क्लब म्हणजे मॅचला जाऊन आरडाओरडा करण्याचं अधिकृत मंडळ. शिवाय समाजसेवा, सांघिक खेळ आणि अभ्यासाचे क्लब असे आणखी तीन.

बघा काय झालं. शुक्रवारी रात्री एकाच मैदानावर, एकाच मॅचला, एकाच गर्दीसाठी उभे असलेले बँडवाले आणि चीअरलीडर दोन वेगळ्या खोक्यांत गेले. आणि बँडच्या खोक्यात कोण आलं, तर बंद सभागृहात शेक्सपिअर करणारी नाटकवाली मुलं. १,२५९ मुलांत दर उद्योगाचा वेगळा गट केला असता तर आकडे फार लहान झाले असते, म्हणून एकत्र केलं असणार. मीसुद्धा तेच केलं असतं. पण मग या पेपरच्या आधारे कुणी "मार्चिंग बँडमुळे असं असं होतं" म्हणालं, तर त्याला थांबवायला हवं. तो निकाल बँड, नाटक आणि नृत्य यांच्या मिसळीचा आहे. मिसळ चांगली झाली म्हणून त्यातली मटकी चांगली होती असं म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ असेल, सिलेक्शन बायस. बँडमध्ये जाणारी मुलं मुळातच वेगळी असतील तर? लेखकांना हे माहीत आहे. त्यांनी आईचं शिक्षण आणि मुलांची आधीची बौद्धिक चाचणी हिशोबात धरली आहे. तरी यावर थोडं थांबते, कारण ताईच्या राज्यात निवड कायद्यानेच होते. टेक्ससने १९८४ साली नियम केला की विषयात नापास झालेल्या मुलाला स्पर्धेत किंवा कार्यक्रमात उतरता येणार नाही. लोक त्याला 'पास नाही तर खेळ नाही' असंच म्हणतात आणि तो बँडलाही लागू आहे. म्हणजे टेक्ससमध्ये बँडच्या मुलांचे सरासरी गुण बाकीच्यांपेक्षा जास्त आले, तर त्यात सॅक्सोफोनचा वाटा किती आणि या नियमाचा किती? त्यात भर म्हणजे तिथे मार्चिंग बँड किंवा चीअरलीडिंग केलं तर शारीरिक शिक्षणाचं क्रेडिट त्यातून भागवता येतं. पी.टी. टाळायची म्हणून बँडमध्ये आलेली मुलंही त्याच रांगेत, त्याच साडेबावीस इंचांवर चालत असतात.

पण माझं खरं दुखणं तिसऱ्या मुद्द्यावर आहे, आणि ते सांगण्याआधी स्वतःची फजिती सांगायला हवी.

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी चार खोक्यांत प्रत्येकी दहा रातकिडे ठेवले होते. दोन खोक्यांत स्पीकरवरून एका लयीतला आवाज, दोन खोक्यांत शांतता. चाळीस किड्यांची वागणूक नोंदवली, एन बरोबर चाळीस लिहिलं, पी व्हॅल्यू झकास आली. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, "खोकी किती होती?" मी म्हटलं, चार. "मग एन किती?" मला घाम फुटला. एका खोक्यातले दहा किडे एकमेकांचा आवाज ऐकतात, एकच तापमान सोसतात, एकच पालक खातात. ते दहा स्वतंत्र साक्षीदार नसतात. प्रयोग खोक्यावर केला होता, तर मोजायचं खोकं. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांचा १९८४ चा या विषयावरचा पेपर पर्यावरणशास्त्रात घरोघरी माहीत आहे आणि मी तो वाचलाही होता! वाचला होता, पण स्वतःच्या खोक्यांकडे बघताना आठवला नाही.

आता बँडकडे या. "बँडमुळे स्कूल स्पिरिट वाढतं" या विधानात खोकं कुठलं? शाळा. बँड शाळेत आहे किंवा नाही, चांगला आहे किंवा रडका आहे, आणि त्याचा परिणाम शाळेवर व्हायचा आहे. शाळेवर म्हणजे कुणावर? बँडमधल्या दीडशे मुलांवर नव्हे, कारण ती तर वाजवतच आहेत. स्टँडमध्ये बसलेल्या, न बसलेल्या, घरी गेलेल्या, संध्याकाळी किराणा दुकानात काम करणाऱ्या उरलेल्या हजार-दोन हजार मुलांवर. एकल्स आणि बार्बर यांनी "शाळा आवडते का" हे विचारलं आहे, हे मान्य. पण तुलना भाग घेणारा आणि न घेणारा यांची आहे. भाग घेणाऱ्याला शाळा जास्त आवडते असं दिसलं, तर त्यातून बँडमुळे शाळा एक झाली हे निघत नाही. उलटही असू शकतं. ज्यांना बँडमध्ये जागा आहे त्यांना शाळा आपली वाटते आणि उरलेल्यांना ती बँडवाल्यांची वाटते, असं असलं तरी आकडे अगदी असेच येतील. एकी आणि फूट या दोन्ही गोष्टी ज्या आकड्यात सारख्याच दिसतात, त्या आकड्यावरून एकीचा दावा कसा करायचा?

हा दोष लेखकांचा नाही. त्यांनी स्कूल स्पिरिटचा दावा केलेलाच नाही, त्यांचा प्रश्न मुलांच्या वाढीचा होता. दोष पत्रकवाल्यांचा आहे, आणि थोडा आपलाही. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना आपण असंच करतो. पेपर 'सहभागी मुलां'बद्दल बोलतो, आपण कंसात त्याचं नाव टाकून 'शाळे'बद्दल वाक्य लिहितो. तुमच्या सिनॉप्सिसमधली कुठलीही पाच वाक्यं काढा आणि प्रत्येकाच्या कंसातल्या पेपरात मोजलं कुणाला ते बघा. मी माझी काढली होती. पाचांतली दोन बदलावी लागली.

यापेक्षा योग्य खोकं निवडलेलं जुनं काम आहे. जेम्स कोलमन यांचं 'द अॅडोलेसंट सोसायटी' हे १९६१ चं पुस्तक. त्यांनी इलिनॉयमधल्या दहा शाळा घेतल्या आणि त्यातल्या सरसकट सगळ्या मुलांना प्रश्न विचारले, संघातल्या आणि संघाबाहेरच्याही. तुम्हाला शाळेत कसं ओळखलं गेलेलं आवडेल, कुणाला मान आहे, पुढारी टोळक्यात जायला काय लागतं. म्हणजे स्टँडला विचारलं. त्यांना आढळलं की मान खेळाडूंना मिळतो, अभ्यासू मुलांना नाही. त्यांनी खेळाचं एक श्रेयही मान्य केलं: दुसऱ्या शाळेशी सामना असला की शाळेची ताकद एका दिशेने लागते. दहाच शाळा, म्हणजे एन दहा, हे खरं. पण दहा खरीखुरी खोकी.

"मग प्रयोग करा ना," असं शास्त्रवाले म्हणतील. प्रयोगही झालेत. २००९ साली स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ यांनी 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये एक छोटा पेपर लिहिला. विद्यार्थ्यांना तिघा-तिघांच्या गटात कॉलेजच्या आवारात चालायला लावलं, काही गटांना पावलाला पाऊल जुळवून, काहींना आपापलं. मग एक पैशांचा खेळ दिला, ज्यात एकमेकांवर भरवसा ठेवला तरच सगळ्यांचा फायदा होतो. पाऊल जुळवून चाललेल्या गटांनी जास्त सहकार्य केलं. दुसऱ्या प्रयोगात कॅनडाचं राष्ट्रगीत ऐकत आणि गात, तालावर प्लॅस्टिकचे पेले हलवायचे होते. कॅनडाचं का, तर अमेरिकन मुलांच्या भावना त्यात गुंतलेल्या नसतात. हे मला फार आवडलं. कोण कुठल्या गटात जाणार ते संशोधकांनी ठरवलं असल्यामुळे निवडीचा प्रश्न मिटला.

इतिहासकार विल्यम मॅकनील यांनी हेच आठवणीतून लिहिलं होतं. १९४१ मध्ये ते टेक्ससमध्ये लष्करी प्रशिक्षणात तासन् तास निरर्थक कवायत करत होते आणि तरी त्यांना त्यात एक विलक्षण सुख वाटत होतं. त्यावर त्यांनी १९९५ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. मी दोन वर्षं ढोल पथकात होते. तिसऱ्या हाताला ढोल कमरेचा राहत नाही, रस्त्याचा होतो, हे मला कुणी पटवून द्यायला नको. पण मला पटतं म्हणूनच जपून राहायला हवं. २०२२ मध्ये अॅटवुड, शॅकनर आणि मेर यांनी एक बेरकी गोष्ट केली. त्यांनी लोकांना असे प्रयोग नुसते वर्णन करून सांगितले आणि विचारलं, काय निकाल लागेल? लोकांनी सांगितलेले अंदाज प्रसिद्ध झालेल्या निकालांशी चांगलेच जुळले. म्हणजे प्रयोगात बसलेल्या माणसालाही "जुळवून चाललो की आपुलकी वाटायला हवी" हे आधीच ठाऊक असतं. मग ते पावलांमुळे झालं की अपेक्षेमुळे?

आणि तीही शंका बाजूला ठेवली तरी मूळ अडचण तशीच राहते. जुळवून चालले ते तिघे, सहकार्य केलं त्याच तिघांनी. बाहेर उभं राहून बघणारा चौथा माणूस प्रयोगात नाहीच. विल्टरमथ यांचेच २०१२ मधले पुढचे प्रयोग याहून बोचरे आहेत. प्रयोग घेणाऱ्याच्या पावलाला पाऊल जुळवून चाललेली माणसं त्याने सांगितल्यावर दगडांखाली राहणारे छोटे जीव मारायला जास्त तयार झाली, आणि एका तालात हालचाल केलेली माणसं दुसऱ्या गटाला कर्कश आवाज ऐकवायला. ताल आतल्यांना जवळ आणतो. बाहेरच्यांचं काय, हा वेगळा प्रश्न आहे.

इथे एक आक्षेप मी स्वतःवरच घेतला. स्टँडमधली मुलं नुसती बघत थोडीच असतात? ती टाळ्या वाजवतात, घोषणा देतात, पाय आपटतात. म्हणजे तालात तीही आहेतच. बरोबर आहे, आणि चीअरलीडिंगचा जन्मच त्यातून झाला. २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटा विद्यापीठाच्या मॅचला जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी गर्दीसमोर उभा राहिला आणि त्याने घोषणा द्यायला सुरुवात केली. गर्दीने त्याच्यामागे द्यायच्या. मुलगा होता, आणि पुढची पंचवीसेक वर्षं हे काम मुलांचंच होतं. त्याचं कौशल्य उडीत नव्हतं, हजारो गळे एका क्षणी उघडण्यात होतं. आपल्याकडे कीर्तनकार सभेला नाम घ्यायला लावतो, तसं काहीसं.

मग हे काम सुधारत गेलं. शिबिरं निघाली, पोमपोम आले, मनोरे आले, स्पर्धा आल्या. बँडचंही तसंच. १९२३ साली शिकागोत शाळांच्या बँडची मोठी स्पर्धा झाली ती वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने. त्यांना महायुद्धानंतर नवं गिऱ्हाईक हवंच होतं. (निधीची पत्रकं काढायची परंपरा जुनी आहे, ताई.) आज टेक्ससमधल्या बँडचं मोठं स्वप्न शुक्रवारचं मध्यंतर हे नसतं. सॅन अँटोनिओच्या अलामोडोममध्ये होणारी राज्य स्पर्धा हे असतं. तिथे समोर परीक्षक आणि पालक. वाद्यं इतकी अवघड, आकृत्या इतक्या गुंतागुंतीच्या की प्रेक्षकाने मध्ये टाळी वाजवायची म्हटली तर कुठे वाजवावी कळत नाही. जसजसं मैदानातलं काम वाकबगार झालं तसतसं स्टँडला करण्यासारखं कमी उरलं, असा माझा अंदाज आहे. तो तपासता येईल: त्याच शाळेत, त्याच बँडच्या, गर्दीला सामील करून घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोन शुक्रवारांची तुलना करून. कुणाला डिझाइन करायचं असेल तर खुशाल घ्या.

आता न आपटणाऱ्या पायांविषयी, कारण सरासरी काढली की ते पहिल्यांदा हरवतात.

टेक्ससच्या दक्षिणेला क्रिस्टल सिटी नावाचं गाव आहे. पालकाच्या भाजीसाठी प्रसिद्ध, गावात पोपायचा पुतळा आहे. १९६० च्या दशकात तिथल्या हायस्कूलमध्ये बहुसंख्य मुलं मेक्सिकन-अमेरिकन होती. चीअरलीडर मात्र शिक्षक निवडायचे, आणि रिवाज असा की तीन गोऱ्या मुली आणि एक मेक्सिकन. होमकमिंग क्वीन होण्यासाठी पालकांपैकी एक जण त्याच शाळेतून पास झालेला असायला हवा, असाही नियम आला. ज्यांच्या आईबापांना शेतमजुरीपायी शाळा पुरी करता आली नव्हती, त्यांच्या मुली आपोआप बाहेर. ९ डिसेंबर १९६९ ला मुलांनी शाळेवर बहिष्कार टाकला. जानेवारीत शाळा मंडळाला नमावं लागलं. त्याच आंदोलनातून ला रझा उनिदा हा पक्ष उभा राहिला आणि काही महिन्यांत त्याने गावातल्या निवडणुका जिंकल्या. चीअरलीडरच्या चार जागांवरून!

त्याच वर्षी टेनेसी राज्यात चॅटनूगा इथल्या ब्रेनर्ड हायस्कूलमध्ये दुसरं घडत होतं. शाळेच्या संघाचं नाव 'रिबेल्स', झेंडा कॉन्फेडरेट, आणि मॅचला वाजायचं ते 'डिक्सी' हे गाणं. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या बाजूची ही सगळी चिन्हं. शाळेत काळी मुलं येऊ लागल्यावर त्यांनी याला विरोध केला, १९६९ च्या फुटबॉल हंगामात तणाव इतका वाढला की शाळा बंद ठेवावी लागली, आणि त्यातून निघालेला खटला १९७२ मध्ये फेडरल अपील न्यायालयापर्यंत गेला. त्या शुक्रवारी कुणी त्या स्टँडमध्ये प्रश्नावली वाटली असती तर स्पिरिटची सरासरी उत्तम आली असती. बहुसंख्य मुलं गोरी होती आणि गाणं त्यांना आवडत होतं. जे उठून उभे राहिले नाहीत, ते स्टँडर्ड डेव्हिएशनमध्ये गेले असते. टेबलात तो आकडा कंसात, छोट्या अक्षरात छापतात.

म्हणून मला वाटतं की या विषयात सरासरीपेक्षा पसरट किती आहे ते आधी बघावं, आणि बघताना कोण कुठे बसतं हे नोंदवावं. शिवाय एक जागा अशी आहे जिथे निवडीचा प्रश्न निसर्गतःच सुटतो. चीअरलीडिंगच्या चाचणीत बऱ्याच ठिकाणी परीक्षक गुण देतात आणि कटऑफ लागतो. एका गुणाने नेट हुकलेल्यांना हे समजावून सांगायला नको. कटऑफच्या जरा वर आणि जरा खाली असलेल्या मुली जवळपास सारख्याच असतात. त्यांची पुढची दोन वर्षं बघितली तर सहभागाचा परिणाम बऱ्यापैकी स्वच्छ दिसेल. पण तिथेही लक्ष ठेवा. फरक दिसला तर तो आत गेलेलीचा फायदा असेल किंवा बाहेर राहिलेलीचं दुःख, आणि दोन्ही वेगळे काढायला तिसरा गट लागेल: ज्यांनी चाचणी दिलीच नाही त्या मुली.

ताईला मी एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, बँडमुळे तुझ्या मुलीला शाळा आवडत असेल, त्याला थोडाफार आधार आहे. शाळेला शाळा आवडते का, ते पत्रकवाल्यांच्या "सिद्ध झालं आहे"मध्ये येत नाही. पैसे द्यायचे तर दे, लेकीच्या क्लॅरिनेटसाठी दे. ताई म्हणाली, दिले केव्हाच.

मग भाचीला फोनवर विचारलं, तुम्ही मैदानात वाजवत असता तेव्हा स्टँडमधली मुलं काय करतात? "मध्यंतरात? अर्धी नाचोच्या रांगेत असतात, मावशी." मग जरा थांबून म्हणाली, "पण ड्रमवाले स्टँडजवळ येतात ना, तेव्हा सगळे पाय आपटतात. लोखंडी पायऱ्या हलतात. मला तेच जास्त आवडतं." मी विचारलं, सगळे? कोण आपटत नाही? तिने ते कधी बघितलं नव्हतं. वाजवताना ड्रम मेजरकडे बघावं लागतं म्हणाली. पुढच्या शुक्रवारी बघून सांगणार आहे.